मागे गेलेला परत येतो का?

 

सोने आणि दागिने हा दृष्टांत मी कीर्तनात किती वेळा दिला याची मोजदाद नाही. आळंदीत चार वर्षे शिकलो, नंतर पंचेचाळीस वर्षे गावोगावच्या सप्ताहांत उभा राहिलो, आणि सात दिवसांत एकदा तरी हा दृष्टांत यायचाच. पाटली मोडली, सोने उरले. बुगडी मोडली, सोने उरले. नाव गेले, आकार गेला, मूळ होते ते तसेच राहिले. तद्वत जीवाने शेतकरी, व्यापारी, बाप, मुलगा ही उपाधी उतरवावी आणि मूळ स्वरूपी जावे, असा सिद्धांत लावला की मृदंगावर थाप पडायची आणि टाळकरी चाल उचलायचे. श्रोते माना डोलावत. त्या डोलण्यावर मीही संतुष्ट असे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी माझी सेवा झाली. त्या गावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा एक तरुण गृहस्थ होता. सातही दिवस तो पुढे बसून ऐकत होता. दोन महिन्यांनी त्याने दुकानाला कुलूप लावले, खांद्याला पडशी अडकवली आणि निघून गेला. मागे म्हातारी आई, बायको, दोन लेकरे आणि सोसायटीचे कर्ज. पुढच्या वर्षी त्याच सप्ताहाला मी गेलो, तेव्हा त्याची बायको धाकट्या मुलाचा हात धरून मी उतरलो होतो त्या घरी आली. पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, दागिना मोडा म्हणालात, त्यांनी मोडला. आता सोनं कुठं हाय तेवढं सांगा. पोरास्नी काय घालू?"

मी तिला वैराग्याची लक्षणे सांगितली. आता ते आठवले की मान खाली जाते. तिने सगळे ऐकून घेतले, पुन्हा पाया पडली आणि गेली.

हा प्रश्न मी बरीच वर्षे बाजूला ठेवला होता. तो पुन्हा समोर आला तो एका भलत्याच दाराने. माझा धाकटा भाऊ हाच माझा मृदंगी. तीस वर्षे माझ्या डाव्या हाताला उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याला घास उतरेना. अन्ननलिकेत गाठ निघाली, तिचा तुकडा तपासायला पाठवला आणि कागद आला. कागदावर इंग्रजीत दोन शब्द होते, 'पुअरली डिफरन्शिएटेड'. त्याची मुलगी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मी तिला अर्थ विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, या पेशी आपण कोण होतो तेच विसरल्यात. अन्ननलिकेचं अस्तर व्हायचं काम होतं त्यांचं. ते सोडून त्या मागं गेल्यात, कोवळ्या पेशीसारख्या नुसत्या वाढत सुटल्यात. जितकं जास्त विसरतात तितका आजार दांडगा असतो."

माझ्या अंगावर काटा आला. मूळ रूपाकडे जाणे, उपाधी टाकणे, हे तर मी जन्मभर सांगत आलो होतो.

त्यानंतरच्या महिन्यांत दवाखान्याच्या बाकांवर बसून मी या विषयाचे जेवढे समजेल तेवढे तिच्याकडून समजून घेतले. तुम्हालाही थोडे सांगतो, कारण ते ऐकल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आपण सगळे आईच्या पोटात एकाच पेशीपासून सुरू होतो. तिचे दोन होतात, दोनाचे चार. सुरुवातीला सगळ्या सारख्या असतात, कोणीही काहीही होऊ शकते. मग वाटणी होते. कोणी त्वचा होते, कोणी रक्त, कोणी मज्जा, कोणी हाड. माणसाच्या देहात असे सुमारे २०० प्रकार आहेत. पुतणी वारकऱ्याच्या घरातली, म्हणून तिने मला माझ्याच भाषेत सांगितले. जवळजवळ प्रत्येक पेशीपाशी अख्खी गाथा असते, पण डोळ्याची पेशी आपल्यापुरते पान उघडते आणि बाकीची गाथा दोरीने बांधून ठेवते. पाने फाडत नाही, फक्त बांधते. शास्त्रज्ञांना फार दिवस वाटत होते की एकदा वाटणी झाली की झाली. डोंगरावरून गडगडत आलेला गोटा एका घळीत उतरला की पुन्हा माथ्यावर जाणार नाही, असे चित्रच वॅडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५७ साली काढून ठेवले आहे.

हे चित्र पहिल्यांदा हलवले इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी. शाळेत असताना यांच्या मास्तरांनी प्रगतिपुस्तकात लिहिले होते की या मुलाने शास्त्रज्ञ व्हायचे म्हणणे हास्यास्पद आहे. गर्डननी तो कागद पुढे चौकट करून जपून ठेवला. बेडकाच्या अंड्यातला केंद्रक त्यांनी निकामी केला आणि त्याच्या जागी बेडकाच्याच पिलाच्या आतड्यातल्या पेशीचा केंद्रक ठेवला. बहुतेक अंडी फुकट गेली. पण काहींतून पोहणारी पिले निघाली आणि पुढे धडधाकट बेडूकही झाले. १९६२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. म्हणजे आतड्याच्या पेशीने बाकीची गाथा खरोखरच फाडली नव्हती, ती दोरी सोडली की पुन्हा वाचता येत होती.

त्याच १९६२ साली जपानमध्ये शिन्या यामानाका जन्मले. शिवणयंत्राचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखानदाराचा हा मुलगा. आधी हाडांचा शस्त्रवैद्य व्हायला गेला, पण शस्त्रक्रियेत हात असा मंद की वरिष्ठ त्याला 'अडथळा' या अर्थाच्या नावाने चिडवत. तो मार्ग सोडून ते संशोधनात आले. त्यांनी विचारले, अंड्याची मदत न घेता पेशी मागे नेता येईल का? कोवळ्या पेशीत जागी असणारी २४ जनुके त्यांनी निवडली. काझुतोशी ताकाहाशी या सहकाऱ्याने ती सगळी उंदराच्या त्वचेच्या पेशींत सोडली, आणि पेशी मागे गेल्या. मग एकेक जनुक वगळून पाहिले. शेवटी चार उरली. चार जनुके पुरेशी होती. २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेची पेशी अशी मूळ अवस्थेला नेली गेली. तिच्यापासून मग हृदयाची धडधडणारी पेशीही करता येते आणि मज्जेचीही. २०१२ चे नोबेल गर्डन आणि यामानाका या दोघांना मिळून दिले गेले.

खरे सांगतो, हे ऐकताना दवाखान्यातसुद्धा माझ्यातला कीर्तनकार जागा झाला. पाटली मोडली, सोने झाले, सोन्याची बुगडी झाली! मनातल्या मनात मी निरूपण बांधायला लागलो. भावाने ओळखले. खाटेच्या दांडीवर बोटांनी ठेका धरत तो म्हणाला, "दादा, तू सोन्याचं सांगायचास. माझं व्हायला लागलंय बघ सोनं." तो असाच बोलायचा. मी हसलो नाही.

पुतणीने पुढचे सांगितले ते असे. त्या चार जनुकांपैकी एक कर्करोगात सापडणारे म्हणून आधीपासूनच ओळखीचे होते. मूळ अवस्थेला गेलेली पेशी जशीच्या तशी जिवंत देहात सोडली तर तिची गाठ होते. त्या गाठीत कुठे केस, कुठे कूर्चा, कुठे आतड्यासारखे काही, सगळे असते, पण कशाचा कशाला मेळ नसतो. २०१३ साली स्पेनमध्ये माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या देहातच ही चार जनुके औषधाने जागी करता येतील. जागी केली. जागोजागच्या पेशी मागे गेल्या आणि त्या उंदरांच्या अनेक अवयवांत गाठी आल्या. कुणी परक्याने मारले नाही. आपल्याच पेशींनी आपापले काम सोडले, एवढेच झाले.

तीन वर्षांनी, २०१६ साली, कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत बेल्मोंते यांच्या गटाने हाच प्रयोग हात आखडता घेऊन केला. अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांत त्यांनी ती जनुके आठवड्यातून दोन दिवस जागी केली आणि पाच दिवस झोपवली. पेशी मागे वळायच्या, पण मूळ पदाला पोचण्याआधी त्यांना परत कामावर बोलावले जायचे. त्वचा त्वचाच राहिली. गाठी आल्या नाहीत, म्हातारपण थोडे ओसरले आणि ते उंदीर आपल्या भाऊबंदांपेक्षा जास्त जगले.

दोन दिवस मागे, पाच दिवस कामावर. हे ऐकून मी उठून व्हरांड्यात गेलो. मला ती बाई आठवली.

आमच्या पूर्वजांना पेशी ठाऊक होत्या असे मला सुचवायचे नाही. तसले बोलणारे व्यासपीठावर पुष्कळ आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही. पण वारी ही काय चीज आहे, हे मला त्या व्हरांड्यात नव्याने कळले. दिंडीत वकील आणि गवंडी एका पंगतीला बसतात. सासू सुनेच्या पाया पडते. वीस दिवस कुणाला नाव नाही, सगळ्यांचे नाव माउली. उपाधी खरोखरच गळते, हे तुम्हीही अनुभवले आहे. मात्र पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला, एकमेकांच्या हातचा घास खाल्ला, की काय होते? एसटी स्टँडवर गर्दी होते. वकील कोर्टात जातो, गवंडी ओळंबा हातात घेतो, पेरणी राहिलेला शेताकडे पळतो. वारी या शब्दातच येरझार आहे. जाऊन न येणाऱ्याला वारकरी म्हणत नाहीत. मी पंचेचाळीस वर्षे जाण्यावर कीर्तने केली. येण्यावर एक केले नाही.

घरचेच उदाहरण घ्या. आमच्या पंढरपूर-सांगोला पट्ट्यात डाळिंबाच्या बागा आहेत आणि गुटी कलम बांधणे पोरासोरांनाही येते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी फांदी धरायची, इंचभर रुंदीची साल गोल सोलून काढायची, ओले शेवाळ लावायचे, वर प्लास्टिक बांधायचे. त्या जखमेच्या वरच्या कडेला एक पांढुरकी ओबडधोबड गाठ येते. पुतणी म्हणते, तीही मागे गेलेल्या पेशींचीच गाठ. फांदीचे काम करणाऱ्या पेशींनी आपले काम सोडले, पुन्हा कोवळ्या झाल्या. पण तिथे त्या थांबत नाहीत. दीड महिन्यात त्याच गाठीतून पांढऱ्या मुळ्या फुटतात आणि प्लास्टिकमधून दिसायला लागतात. जी पेशी काल फांदीत होती ती आज मूळ होऊन माती धरते. सरड्यासारखा दिसणारा एक पाण्यातला प्राणी आहे, न्यूट नावाचा. त्याचा पाय तुटला तर तोही असाच पुन्हा येतो. तुटल्या जागी स्नायूचे तंतू मोडून सुट्या पेशी होतात, वाढतात आणि पुन्हा स्नायू होतात.

आता पाहा. डाळिंबाच्या फांदीवरची गाठ आणि माझ्या भावाच्या अन्ननलिकेतली गाठ. दोन्हीकडे पेशी मागे गेल्या. नुसत्या मागे जाण्याकडे पाहून एकीला औषध आणि दुसरीला रोग म्हणता येत नाही. एक गाठ जखमेच्या हाकेने आली आणि झाडाला हवे होते ते होऊन गेली. दुसरी कुणी न बोलावता आली, गाठच राहिली, आणि ज्या देहाचे काम तिने सोडले त्याच देहाचे रक्त ओढून पोसली गेली.

एक गोष्ट मात्र आताच सांगून ठेवतो. दृष्टांत एकदेशी असतो. पेशीला इच्छा नाही, म्हणून तिला पापही नाही. माझ्या भावाने जन्मात कुणाचे वाईट केले नाही. त्याच्या आजाराचा संबंध त्याच्या कर्माशी जोडणारे एक सद्गृहस्थ भेटायला आले होते, त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही. रोग हा रोग आहे. मी पेशीकडून नीती शिकत नाही. माझ्या बोलण्यातली चूक मला पेशीमुळे दिसली, इतकेच.

रक्ताचा एक कर्करोग आहे. त्यात कोवळ्या पेशी मोठ्या व्हायच्याच थांबतात, कामाला लागत नाहीत. शांघायच्या डॉक्टर वांग झेन्यी यांनी त्यांना मारण्याऐवजी मोठे करायचे ठरवले. अ जीवनसत्त्वाच्या कुळातले एक औषध त्यांनी दिले. १९८८ साली त्यांच्या गटाने २४ रुग्णांची हकीकत छापली. त्यातल्या २३ जणांचा आजार त्या एकाच औषधाने हटला होता, पेशी वयात येऊन कामाला लागल्या होत्या. पुढे या औषधाला सोमलाची जोड मिळाली, आपल्या वैद्यांना माहीत असलेल्या त्याच विषाची, आणि भराभर माणूस नेणारा तो रोग आता बहुतेकांत बरा होतो. भावाच्या गाठीला असे काही औषध नव्हते. गेल्या कार्तिकात तो गेला.

तुमच्यातला एखादा जाणकार विचारील, महाराज, मग संन्यास खोटा का? मूळ स्वरूपाचा सिद्धांत खोटा का? नाही. सिद्धांत तसाच आहे, त्यावर बोट ठेवायची माझी योग्यता नाही. सगळे सोडून गेलेले आणि कुणावर भार न झालेले थोर पुरुष मी पाहिले आहेत. पण आपल्या संप्रदायाचा उगम आठवा. विठ्ठलपंतांनी घर सोडले, काशीला जाऊन संन्यास घेतला. मागे राहिलेली रुक्मिणी त्यांच्या गुरूंना आळंदीत भेटली, तिची हकीकत कळली, आणि परंपरा सांगते की गुरूंनी काशीला परतून शिष्याला पुन्हा गृहस्थाश्रमात धाडले. संन्याशाने परत यायचे! गावाने वाळीत टाकले, मुलांची मुंज नाकारली. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली. वाळीत टाकल्याचा प्रसंग इतका रंगवायचो की बायाबापड्या पदर डोळ्याला लावत. पण गुरू 'परत जा' म्हणाले, या एका वाक्यापाशी मी कधी पाच मिनिटे थांबलो नाही. ते वाक्य नसते तर निवृत्तिनाथ नाहीत, ज्ञानोबा नाहीत, सोपानदेव नाहीत, मुक्ताबाई नाहीत, आणि तुम्ही-आम्ही कुणाच्या पालखीमागे चाललो असतो?

सोन्याच्या दृष्टांतातही हीच खोट राहिली होती. सोनार दागिना मोडतो तो लगड कपाटात ठेवायला नव्हे. मुशीतले सोने कुणाच्या गळ्यात घालता येत नाही. नरहरी महाराज तर जातीचे सोनार, त्यांना हे मी सांगायची गरज पडली नसती. आणि आपले संत कसे ओळखले जातात तेही पाहा. सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी. ज्यांची उपाधी खरोखर गेली, त्यांच्या नावाला कामाची खूण अजून चिकटून आहे.

त्या मोटारवाल्याबद्दल मला न्यायाने बोलले पाहिजे. तो माझ्या कीर्तनामुळेच गेला असे कुणी सिद्ध करू शकणार नाही. कर्ज होते, घरात कुरबूर असेल, माणसाचे मन कुणी पाहिले आहे? माझे कीर्तन त्याला निमित्त झाले असेल. पण जखम कुठे आहे, मागे कोण आहे, परत कधी यायचे, हे न सांगता मी त्याच्या हातात दागिना मोडायची हातोडी दिली, हे माझ्याकडून झाले. ते सांगायला दुसरा माणूस नाही, म्हणून मीच लिहितो आहे.

भावाचे वर्षश्राद्ध झाल्यावर मी त्या गावी गेलो. एसटीतून उतरलो तर देवळापलीकडे तेच दुकान, उघडे. पाटीवर मुलाचे नाव. मुलगा आता चाळिशीकडे झुकलेला. जळालेल्या मोटारीची काळी तार त्याने उपसून काढली होती आणि मोकळ्या सांगाड्यात नवी तांब्याची तार भरत बसला होता. मला त्याने ओळखले नाही. मी ओळख दिली. वडील परत आले का, विचारले. "एकदा आले होते, आजी गेली तवा. दोन दिवस राहिले, परत गेले." त्याने हातातले काम थांबवले नाही.

आई लेकीकडे गेली होती. तिच्यासाठी आणलेले बोलणे मी त्यालाच सांगितले. तुझ्या आईने मला एक प्रश्न विचारला होता, त्याला मी भलतेच उत्तर दिले, आणि जे कीर्तन मी इथे केले ते अर्धेच होते. त्याने तारेचा शेवटचा वेढा आवळला, फडक्याला हात पुसले आणि मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "आई बुधवारी येतीया महाराज. तुम्हीच सांगा तिला. मी मधे नाय पडत."

मी बुधवारपर्यंत देवळात मुक्काम केला.